सिद्धम्माच्या तोंडचा शब्द

होनवाडीत सिद्धम्माचा विषय निघाला की आधी तिची नक्कल व्हायची आणि मग विषय. नक्कल करायला फारसं काही लागत नसे. कमरेवर हात ठेवायचा, मान जराशी वाकडी करायची आणि म्हणायचं, "भक्तीनं कर गं!" झाली सिद्धम्मा.

आता हा शब्द मठात आणि देवळात सगळेच वापरतात. सिद्धम्मा तो चुलीपाशी वापरायची, गोठ्यात वापरायची, बाजारात वापरायची. सून दानम्मा परात पुढे ओढून बसली की हिचं सुरू, "पीठ भक्तीनं मळ, न्हाई तर भाकरीला चिरा पडतात." अंगण सारवताना, "भक्तीनं सारव, कोपऱ्यात शेन पोचलंच न्हाई." मुलगा गुरुलिंग याचं घराच्या ओसरीतच मीठ-मिरचीचं दुकान होतं. त्यानं पुडी बांधली की, "भक्तीनं बांध रे, गिऱ्हाईक घरी जाईस्तोवर सुटू ने." म्हशीनं पान्हा चोरला तर तिलासुद्धा ऐकावं लागे, "तुज्यात आता भक्ती राहिली न्हाई." एकदा उदगीरच्या बाजारात मेथीची जुडी उलटीपालटी करून ती म्हणाली, "ही भक्तीनं बांधलेली न्हाई." भाजीवाली बिचारी बघतच राहिली. तिला वाटलं, आता मेथीचीही पूजा करायची की काय!

एकदा गुरुलिंगानं आईला समजावून पाहिलं. म्हणाला, "अव्वा, भक्ती देवाची असतीय. पुडीची काय भक्ती?"

"कुनी बघून न्हाई राहिलं तवा बी नीट करायचं, ती भक्ती," सिद्धम्मा म्हणाली. "लोकं बघून राहिल्यावर चोर बी नीट वागतंय."

गुरुलिंगानं पुडीची गाठ सोडून पुन्हा बांधली. सिद्धम्मापुढे गप्प बसणं हाच त्या घरातला शहाणपणा होता.

स्वतःच्या बाबतीत मात्र बाई पक्की होती, हे तिच्या वैऱ्यानंही कबूल केलं असतं. पाळण्यात असताना गुरूनं गळ्यात बांधलेलं लिंग. बोराएवढं, काळंभोर, बुडाशी एक बारीक टवका उडालेलं. सकाळी अंघोळ झाली की ते डाव्या तळहातावर घ्यायचं, पाणी घालायचं, विभूती लावायची, टक लावून बघायचं, ते पाणी तीर्थ म्हणून प्यायचं आणि मगच घोटभर चहा. लिंगाला पाणी नाही तर आपल्यालाही नाही. बाळंतपणात नाही, तापात नाही, यजमान महादेवप्पा गेले त्या दिवशीसुद्धा तिनं हा नेम चुकवला नव्हता. नवऱ्याला समाधी देऊन माणसं परतल्यावर ती आधी पूजेला बसली होती आणि मग रडली होती.

पण पक्क्या माणसाला एक खोड असते. त्याला दुसऱ्याचं चुकलेलं सोसत नाही.

शेजारच्या लक्ष्मम्माचं लिंग ओढ्यावर धुणं धुताना गळून वाहून गेलं, तेव्हाची गोष्ट. लिंगायताच्या गळ्यातलं लिंग हरवणं म्हणजे साधी गोष्ट नाही. जुनी माणसं तर म्हणत, लिंग गेलं तिथं जीवही ठेवायचा. लक्ष्मम्मा पाण्याचा थेंब न घेता मठाच्या ओसरीवर पडून राहिली. मठाचे विरूपाक्षस्वामी बिदरकडे गेले होते. ते परत आले, त्यांनी नवं लिंग दिलं, आणि बाईच्या घशाखाली पाणी उतरलं. सगळा गाव हळहळत होता. तेवढ्यात सिद्धम्मा सगळ्यांदेखत म्हणाली, "भक्ती असती तर गळ्यातलं पडलं असतं का?"

लक्ष्मम्मा त्या दिवसापासून मठात दाराशी बसायला लागली. पुढं सरक म्हटलं तरी सरकायची नाही. सिद्धम्माला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. खरं बोलायला कसली भीती, असं तिचं म्हणणं.

मग बहात्तर साल आलं.

त्या दुष्काळाचं वर्णन ज्यानं त्यानं केलेलं आहे, त्यामुळे इथे एवढंच पुरे की होनवाडीच्या बारवेच्या सगळ्या पायऱ्या उघड्या पडल्या. इतकी वर्षं पाण्यात असलेल्या शेवटच्या पायरीवर कोरलेला नंदी म्हाताऱ्यांनीसुद्धा तेव्हा पहिल्यांदा पाहिला. तळाच्या खडकात एक फट होती आणि त्या फटीतून पाणी पाझरायचं. बायका खाली उतरून वाटीवाटीनं पाणी घागरीत भरायच्या. एकीची घागर भरेपर्यंत दुसरीनं पायरीवर बसायचं. भांडणं व्हायची, पण खालच्या आवाजात. मोठ्यानं भांडायचं तर घसा ओला लागतो. शेजारच्या एका गावात झरा मोठा करायला म्हणून कुणी पहार घातली, खडक भलतीकडे फुटला आणि होतं तेवढंही पाणी नाहीसं झालं. तेव्हापासून होनवाडीत त्या फटीला कुणी काडीसुद्धा लावू देत नव्हतं.

गुरुलिंगाच्या दुकानात विकायला मिठाशिवाय काही उरलं नव्हतं. घरातली तिघंही उदगीरच्या रस्त्यावर खडी फोडायला जायची. खायला सरकारी सुकडी आणि मिलोची तांबडी ज्वारी. सिद्धम्मा तिथंही इतर बायांना सांगायची, "भक्तीनं फोडा गं, सारखी पडू द्या." मुकादमाला ही बाई फार आवडायची आणि त्यामुळे बाकीच्यांना ती आवडत नव्हती.

त्या दिवशी पहाटे ती बारवेत उतरली. गळ्यातला दोरा घामानं कुजत आला होता, हे तिला ठाऊक होतं. उदगीरहून नवा आण म्हणून तिनं गुरुलिंगाला सांगितलं होतं आणि गुरुलिंग आज आणतो उद्या आणतो करत होता. ती फटीवर वाकली, वाटी आत घातली आणि छातीपाशी एकदम हलकं वाटलं. कापडाच्या चिमुकल्या पिशवीसकट लिंग फटीत गेलं. आवाजसुद्धा झाला नाही.

तिनं फटीत हात घातला. मनगटापर्यंत गेला, पुढे जाईना. बोटांना गारवा लागला, चिखल लागला, लिंग लागलं नाही. मागं पायरीवर बायका रिकाम्या घागरी घेऊन बसल्या होत्या.

"काय गं सिद्धम्मा, उरक की!" वरून लक्ष्मम्माचा आवाज आला. नेमका तिचाच.

सिद्धम्मानं पदर गळ्याभोवती घट्ट ओढला, घागर उचलली आणि पायऱ्या चढून वर आली. तोंडातून शब्द काढला असता तर पुरुषमंडळी पहारी घेऊन उतरली असती. सिद्धम्माचं लिंग आहे म्हटल्यावर गावानं तो खडक फोडलाच असता आणि पाणी गेलं असतं. गावासाठी गप्प बसले, असं ती पुढं कितीतरी वर्षं स्वतःला सांगत राहिली. पण तिला माहीत होतं की ते अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं पायरीवर घागर घेऊन बसलं होतं.

त्या दिवशी ती पाणी प्यायली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. सुकडी तिनं दानम्माच्या ताटात लोटली. स्वामी गावात नव्हते आणि असते तरी काय सांगणार होती? उन्हात हातोडी मारता मारता तिच्या डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली. आपण मरणार, हे तिला स्वच्छ दिसत होतं. भीती मरणाची नव्हती. मेल्यावर समाधीत बसवताना डाव्या हातात लिंग ठेवायला लोक गळ्यातली पिशवी शोधतील, ती मिळणार नाही आणि लक्ष्मम्मा बघत असेल, याची होती.

हातोडीखालून एक कपची उडाली आणि तिच्या मांडीवर येऊन पडली. काळा दगड. खालून सपाट, वरून थोडासा उंच. एक कड सुरीसारखी. सिद्धम्मानं ती उचलली. हातात धरून तिनं बराच वेळ तिच्याकडे बघितलं. मग उठून ती खडीच्या ढिगामागं गेली, कपची डाव्या तळहातावर ठेवली आणि लोट्यातलं पाणी तिच्यावर घातलं. कनवटीच्या पुडीतली विभूती लावली. "शिवा, आजच्यापुरतं," ती म्हणाली आणि ते पाणी प्यायली. मग हातोडी घेऊन पुन्हा कामाला बसली.

आजच्यापुरतं म्हणून जे करतो ते किती दिवस चालतं, हे ज्याचं त्याला ठाऊक असतं. स्वामी परत आले तेव्हा ती सांगायला म्हणून मठात गेली. दाराशी लक्ष्मम्मा बसलेली होती. सिद्धम्मा स्वामींच्या पायावर डोकं ठेवून तशीच परत आली. पाऊस पडला, बारवेच्या पायऱ्या पुन्हा बुडाल्या, नंदी दिसेनासा झाला. आता शोधायचं म्हटलं तरी कुठं शोधणार? तिनं जुन्या लुगड्याची पिशवी शिवली, नवा दोरा ओवला आणि खडीचा दगड गळ्यात घातला.

त्या घरात आणखी एक बदल झाला, तो बाहेर कुणाच्या लक्षात आला नाही. दानम्माच्या आला. सासूनं बोलणं सोडलं होतं असं नाही. सिद्धम्माला गप्प करणारा दुष्काळ अजून पडायचा होता. पण "भक्तीनं मळ" म्हणणं बंद झालं. पहिले काही महिने दानम्माला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, फारच बरं वाटलं. मग चुकल्या-चुकल्यासारखं व्हायला लागलं. एकदा तिनं मुद्दाम पीठ कसंतरी मळलं. भाकरी ताटात पडताच तिचे चार तुकडे झाले. सिद्धम्मानं ते मुकाट्यानं दुधात कुस्करून खाल्ले. दुसऱ्यांदा दानम्मानं अंगणाचा अख्खा कोपरा सारवायचा सोडला. सासू त्या कोपऱ्याकडे बघून आत निघून गेली.

"आत्याबाई, बरं न्हाई का तुमाला?" तिनं विचारलं.

"मला काय झालंय? चांगली हाय की."

कसं सांगणार? जिच्या गळ्यात खडी होती तिनं दुसऱ्याला भक्ती शिकवायची? तो शब्द तोंडाशी यायचा आणि ती तो गिळून टाकायची. गाव मात्र नक्कल करतच राहिला. नक्कल चालू होती त्यामुळे मूळ बंद पडलंय हे कुणाला कळलंच नाही.

आणि दगड? दगडाची पूजा एकही दिवस चुकली नाही. कडेनं तळहात कापायचा, आज इथं, उद्या तिथं. हळूहळू तिथं एक पांढरा चरा उमटला. सिद्धम्मा त्या दगडाशी बोलायची. खऱ्या लिंगाशी ती कधी एवढं बोलली नव्हती. तिथं धाक होता. याला ती सांगायची, "तू बी आगंतुक, मी बी खोटी. बस आता पानी घेऊन." दानम्माला मुलगी झाली ते तिनं पहिल्यांदा त्याला सांगितलं. पाणी आणि बोटं रोज लागून लागून दगडाची ती सुरीसारखी कड बोथट झाली, मग गुळगुळीत झाली.

अशी दहा वर्षं गेली आणि लातूर जिल्हा झाला. उस्मानाबाद मागं पडलं. होनवाडीत पेढे वाटले गेले. ज्यांना जन्मात कलेक्टर कचेरीत जायचं नव्हतं तेसुद्धा "आता कचेरी जवळ आली" म्हणून एकमेकांना टाळ्या देत होते. नवा जिल्हा, नवे साहेब, नवी उमेद. पुढच्या उन्हाळ्यात होनवाडीच्या बारवेतला गाळ काढायचं काम निघालं.

ही बातमी गुरुलिंगानं जेवताना सांगितली. सिद्धम्माच्या हातातला घास हातातच राहिला.

गाळ काढायला देगलूरकडची माणसं आली होती. त्यांच्यातल्या व्यंकटीला फटीपाशी चिखलात ते सापडलं. पिशवी कधीच कुजून गेली होती. व्यंकटी शहाणा माणूस. त्यानं ते धुतलं, पळसाच्या पानात ठेवलं आणि स्वामींना नेऊन दिलं. संध्याकाळी मठातली घंटा झाली आणि गावातली झाडून सगळी लिंगायत घरं गोळा झाली.

विरूपाक्षस्वामी आता थकले होते. त्यांनी पान पुढं ठेवलं. "हे कुनाचं हाय?" त्यांनी विचारलं.

सगळ्यांच्या माना एकदम मागं वळल्या. गावात लिंग हरवलेली बाई एकच होती आणि ती दाराशी बसली होती.

"माजं ओढ्यात गेलं व्हतं," लक्ष्मम्मा म्हणाली.

"ओढ्यात म्हनून सांगितलंस," कुणीतरी म्हणालं. "हितं बारवेत पडलं आसंल. गावचं पानी बाटंल म्हनून ओढ्याचं नाव घेतलंस."

"न्हाई हो! ओढ्यातच गेलं! मी कशाला खोटं बोलू?" लक्ष्मम्माचा आवाज फाटला. वय झालं होतं तिचंही. ती उठून उभी राहिली आणि काय करावं ते न कळून पुन्हा खाली बसली. कुणी हसलं. स्वामी काही बोलायच्या आत चारजण बोलायला लागले.

सिद्धम्मा पुढच्या रांगेत बसली होती. नुसतं बसून राहिली असती तरी भागलं असतं. लक्ष्मम्माची तर इज्जत आधीच गेलेली होती. आणखी थोडी गेली असती. पण सिद्धम्माला त्या क्षणी ती पायरी दिसली, तो रिकाम्या घागरींचा आवाज ऐकू आला आणि आपण एका बाईला कुठं नेऊन बसवलं ते पहिल्यांदा नीट दिसलं. तिला लाज वाटली. अंगाला घाम सुटेल इतकी लाज वाटली.

"ते माजं हाय," ती म्हणाली.

दाराकडे वळलेल्या माना पुन्हा पुढं वळल्या.

"बुडाला टवका हाय बघा, स्वामी. लहानपनीचा."

स्वामींनी लिंग उलटं करून पाहिलं. टवका होता. त्यांनी हळूच विचारलं, "मग गळ्यात काय हाय तुज्या?"

सिद्धम्मानं पिशवी सोडली आणि दगड तळहातावर ठेवून हात पुढं केला. तिनं सगळं सांगितलं. फट, खडी, आजच्यापुरतं. सांगताना ती रडली नाही. सांगून झाल्यावर ती मागं वळली आणि दाराकडे बघून म्हणाली, "लक्ष्मम्मा, मी तुला बोलले व्हते."

"हाव, बोलली व्हतीस," लक्ष्मम्मा म्हणाली.

"आता तू बोल मला."

लक्ष्मम्मा उठली. माणसांतून वाट काढत ती कितीतरी वर्षांनी पुढच्या रांगेपर्यंत आली. तिनं सिद्धम्माच्या तळहातावरच्या दगडाकडे बघितलं, चऱ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "दोन दीस पानी नव्हतं प्यालीस?"

"न्हाई."

"मला सांगायचं व्हतंस की गं येडे," लक्ष्मम्मा म्हणाली आणि तिच्या शेजारी बसली. "मला ठाव हाय ना ती तहान."

तेव्हा मात्र सिद्धम्मा रडली.

स्वामींनी डोळे पुसले, घसा साफ केला आणि शास्त्र सांगितलं. सापडलेलं लिंग शुद्ध करून परत गळ्यात घालायचं. दगड वाहत्या पाण्यात सोडून द्यायचा. सिद्धम्मानं मान डोलावली. लिंग तिनं कपाळाला लावलं. पण दगडावरची मूठ काही उघडेना.

"स्वामी," ती म्हणाली, "इतकी वर्सं ह्याला पानी घातल्याबिगर म्या पानी पिलं न्हाई. आता ह्याला उपाशी कसं ठिवू?"

स्वामींनी तिच्या मुठीकडे बघितलं. "शास्त्र मला सगळं पाठ हाय," ते म्हणाले, "पन ह्याच्याबद्दल काय लिव्हलंय ते आज मला आठवंना. आठवलं की सांगतो. तवर ऱ्हाऊ दे तुज्याजवळ."

ते स्वामींना पुढं कधीही आठवलं नाही.

घरी परतताना दानम्मा सासूच्या बरोबरीनं चालत होती. सगळ्या मठात चकित न झालेली तीच एक होती, हे सिद्धम्मानं हेरलं होतं.

"तुला ठाव व्हतं?"

"तुमच्या हाताचा चरा दिसायचा, आत्याबाई. लिंगानं हात कापत न्हाई."

"मग बोलली का न्हाईस? येवढी वर्सं?"

दानम्मानं पदर सारखा केला. "काय बोलू? कुनी बघून न्हाई राहिलं तवा बी तुमी नीट करून राहिल्या व्हत्या."

सिद्धम्माचे पाय जरा भराभर पडायला लागले.

घरी आल्यावर तिनं हातपाय धुतले आणि पूजेला बसली. डाव्या तळहातावर लिंग ठेवलं आणि त्याच्या शेजारी दगड. दोन्ही मावली. लिंगाची जुनी चकाकी चिखलात गेली होती आणि दगडाला दहा वर्षांत चकाकी आली होती. तिनं दोघांवर पाणी घातलं, दोघांना विभूती लावली आणि ते पाणी प्यायली.

चुलीपाशी दानम्मानं घाईघाईनं परात ओढली होती. सगळ्यांना भूक लागली होती. तिनं पिठात पाणी ओतलं, दोनदा हात फिरवला आणि गोळा थापायला घेतला.

"दानम्मा," पूजेवरून आवाज आला.

"आं?"

"भक्तीनं मळ गं. भाकरीला चिरा पडतात."

दानम्माचा हात थांबला. तिनं थापायला घेतलेला गोळा परत परातीत टाकला, पाण्याचा हबका मारला आणि खाली मान घालून पीठ पुन्हा पहिल्यापासून मळायला घेतलं. डोळ्यांतलं पाणी पिठात पडू नये म्हणून ती मधूनमधून दंडाला गाल पुसत होती.